लेक एरीवर सहकुटुंब वॉलआय मासा धरायला : जून की जुलै?

गरी_नवशिका
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही कोलंबस, ओहायोला असतो. यंदा आईबाबा मे ते ऑक्टोबर इकडे आहेत. बाबांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं, शाळा बुडवून गरवायला जायचे आणि आजीचा मार खायचे, मिरगाचा पाऊस लागला की रात्री कंदील घेऊन वहाळात चढणीचे मासे, हे सगळं ऐकतच मी मोठा झालो. मागच्या खेपेला त्यांना नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं फिरवलं, सगळीकडे "बरं आहे" एवढंच म्हणाले, आणि परत येताना एका पुलावर कोणीतरी मासे धरत होता तिथे मला गाडी थांबवायला लावली आणि पाऊण तास त्याच्या बादलीत बघत उभे राहिले. बायको म्हणाली, आपले हजारो डॉलर फुकट गेले, ह्यांना बादली दाखवायची होती.

तर यंदा लेक एरी, ओहायोच्या उत्तरेचा मोठा तलाव. प्लॅन असा : ४ जुलैचा लाँग वीकेंड, तलावाकाठच्या पोर्ट क्लिंटनला घर भाड्याने, तिकडेच एक बोट भाड्याने घ्यायची, मी चालवणार (तारकर्लीला जेट स्की चालवलीये, हसू नका). माणसं सात : मी, बायको, मुलगा ११, मुलगी ६, आईबाबा आणि मेहुणा. वॉलआयच हवा, ऑफिसातले सगळे त्याचंच गुणगान गातात. गळ, आमिष, लायसन्स, काय काय लागतं? मला शून्य माहिती आहे असं समजून सांगा.

बांगडाप्रेमी
तारकर्लीच्या जेट स्कीला साष्टांग नमस्कार __/\__
बाकी जाणकार येतीलच. मी खुर्ची टाकून बसतो.

उत्तरेचा_वारा
टोलेडोला चौदा वर्षं आहे, स्वतःची छोटी बोट आहे, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायचा विचार आधी डोक्यातून काढा. नाव तलावाचं असलं तरी हे तळं नाही, ३८८ किलोमीटर लांब आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अख्ख्या किनाऱ्याच्या साधारण निम्मं. आणि गंमत म्हणजे पाचही ग्रेट लेक्समध्ये सगळ्यात उथळ हाच, तुम्ही जाणार तो पश्चिमेकडचा भाग तर सरासरी पंचवीसेक फूटच खोल. लोकांना वाटतं उथळ म्हणजे सेफ. उलट आहे. उथळ पाण्याला वारा पटकन उचलतो, तासाभरात लाटा उभ्या राहतात आणि त्या समुद्रासारख्या लांब लांब येत नाहीत, एकीच्या पाठीवर दुसरी, धडाधड आपटतात. सहा वर्षांची मुलगी आणि म्हातारी माणसं घेऊन ते शिकायची जागा नाही ही. शिवाय तुमचा जन्म १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतरचा असेल तर १० हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवायला ओहायोत बोटिंगचा कोर्स केलेला लागतो.

चार्टर घ्या. कॅप्टन, बोट, रॉड, आमिष, बर्फ सगळं त्याचं. पैसे बोटीचे असतात, माणशी नाही. वर टिप, १५ ते २० टक्के धरून चाला.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम, जो तुम्हाला अजून दिसलेला नाही. तुम्ही सात आहात. नेहमीच्या चार्टर बोटीला कोस्ट गार्डच्या नियमाने सहाच पॅसेंजर चालतात, आणि त्यात मूलबाळ सगळं मोजतात, मांडीवरचं तान्हं असलं तरी तो एक माणूस. "छोटी आहे हो, बसेल कुठेतरी" हे कॅप्टनला बोलू पण नका.

गरी_नवशिका
बापरे. बरं झालं विचारलं. १९८२ च्या पुढचाच आहे मी. जेट स्की मागे घेतो.

पण मग सातव्याचं काय? दोन बोटी बजेटमध्ये नाहीत.

मिनेसोटेकर
एरीबिरी सोडा हो, वॉलआय खायचा तर मिनेसोटात या. आमचा राज्यमासा आहे तो, १९६५ पासून. मिल लॅक्स तलाव किंवा थेट वर लेक ऑफ द वूड्स. तिथल्या बॉडेट गावात ४० फुटी वॉलआयचा पुतळा आहे, 'विली' नाव त्याचं, वॉलआयची जागतिक राजधानी ती.

उत्तरेचा_वारा
राजधानी पोर्ट क्लिंटन पण स्वतःला म्हणवते. ३१ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कवाले चेंडू खाली सोडतात, हे लोक २० फुटी फायबरग्लासचा वॉलआय सोडतात. राजधान्या चिक्कार आहेत, प्रत्येक गावाला वाटतं विठोबा आपल्याच विटेवर उभा. कोलंबसहून पोर्ट क्लिंटन दोन-सव्वादोन तास, बॉडेटला जायला त्यांना दोन दिवस गाडी हाणावी लागेल. विषय संपला.

मिनेसोटेकर
हलके घ्या हो :) पण थंडीत बर्फावर झोपडी टाकून मासे धरायचे असतील तेव्हा बोलू.

चिंबोरी
क्लीव्हलंडहून. आम्ही दोन्हीकडच्या सासूसासऱ्यांना घेऊन गेलोय त्यामुळे बायकी आणि व्यवहारी मुद्दे सांगते जे पुरुषमंडळी सांगत नाहीत.

पहिला, टॉयलेट. बुक करताना कॅप्टनला सरळ विचारा बोटीत टॉयलेट आहे का आणि दार लागतं का. असतं बऱ्याच बोटींना, पण एवढ्याएवढ्या कपाटासारखं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात उतरणं म्हणजे कसरत. सासूबाई आदल्या रात्रीपासून पाणी प्यायच्या बंद झाल्या होत्या आणि मग उन्हात चक्कर आली, तेव्हा हे आधीच बोलून घ्या.

दुसरा, बोट लागणे. एव्होमिन भारतातून आणलेल्या असतात सगळ्यांकडे, पण झोप येते त्याने, आणि बाबांची बीपीबिपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरला विचारूनच. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. आलेपाक न्या भरपूर. पोट रिकामं नको आणि तुडुंब पण नको, साधी पोळीभाजी सगळ्यात बेस्ट.

तिसरा, सहा वर्षांच्या मुलीला सहा-सात तास बोटीवर नेऊच नका. तासाभराने "घरी कधी जायचं" सुरू होतं आणि घर तर पाण्यापलीकडे. अर्ध्या दिवसाची ट्रिप घ्या, आणि खरं सांगू, तिला आणि आजीला किनाऱ्यावरच ठेवा. तुमचा सातवा माणूस आपोआप सुटतो. मार्बलहेडचं दीपगृह वीसेक मिनिटांवर आहे, १८२२ चं, अजून चालू, समोर खडकांवर बसायला मस्त. पुट-इन-बे किंवा केलीज आयलंडला फेरीने जा. केलीजला हिमनदीने खडकात खणलेल्या ४०० फूट लांब खोबणी आहेत, मुलं वेडी होतात.

चौथा, केळी नेऊ नका.

गरी_नवशिका
केळी???

चिंबोरी
बोटीवर केळी अपशकुनी मानतात. खरंच मानतात, थट्टा नाही. आमच्या कॅप्टनने सासऱ्यांच्या पिशवीतलं केळं बघून बोट सुरूच केली नाही, आधी खाऊन टाका म्हणाला.

बांगडाप्रेमी
केळ्याचे वेफर्स चालतील का? वैध शंका आहे. कोकणी माणूस प्रवासाला निघाला आणि पिशवीत वेफर्स नाहीत हे शक्य नाही.

उत्तरेचा_वारा
वेफर्सवर सागरी कायदा गप्प आहे. मी रिस्क घेणार नाही.

तारखेबद्दल राहिलं होतं. ४ जुलै नको. एक म्हणजे गर्दी, अख्खं ओहायो तिथे असतं, आणि घरांचे भाव चढलेले. दुसरं मासा. वॉलआय वसंतात पश्चिमेकडे अंडी घालतो, मॉमी नदीत शिरतो, सँडस्की नदीत शिरतो, उथळ खडकांवर घालतो. तुमच्या बाबांना चढणीचे मासे म्हटलं की लगेच कळेल, तेच प्रकरण, फक्त मिरगाऐवजी मार्च-एप्रिलमध्ये, आणि टोलेडोजवळ माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात खांद्याला खांदा लावून उभी असतात. पाणी तापायला लागलं की मोठे मासे हळूहळू पूर्वेकडच्या खोल पाण्यात सरकतात. जुलैत पश्चिमेला काही मिळत नाही असं नाही, ताटात बसतील असे मिळतात, पण जून जास्त भरवशाचा.

जूनच्या उत्तरार्धात मेफ्लाय येतात हे मात्र सांगून ठेवतो. आपल्याकडे पहिल्या पावसात दिव्याला पाखरं येतात ना, ते करोडोने गुणा. हवामानखात्याच्या रडारवर ढग दिसतो त्यांचा. रस्त्यावर थर, गाडी घसरते, दुकानदार सकाळी फावड्याने काढतात. चावत नाहीत, फक्त घाण. पण तळाच्या चिखलातून त्यांच्या अळ्या वर येत असतात तेव्हा वॉलआय त्याच खाऊन सुस्त पडतो, मग आमिषाकडे बघेल तर शपथ. म्हणून जूनचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणतो. ऑगस्ट तर नकोच, पश्चिमेकडे हिरवं शेवाळ येतं, ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडोत नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं होतं, आम्ही इंडियानातल्या मित्राकडून कॅन भरून आणले होते.

गरी_नवशिका
इथे एक गंमत झाली. हे सगळं जेवताना वाचून दाखवलं, मेफ्लाय, शेवाळ, मासे पूर्वेला सरकतात वगैरे, बाबा मान डोलावत होते. आई शांतपणे म्हणाली, आषाढी एकादशीनंतर माझा चातुर्मास, मी मासे खाणार नाही, तुम्ही जुलैत जा नाहीतर डिसेंबरात. झालं. जून फिक्स.

आता लायसन्सचं सांगा. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांना मिळतं का? जूनमध्ये एक फ्री फिशिंगचा वीकेंड असतो असं ऐकलं.

उत्तरेचा_वारा
मिळतं. एक दिवसाचं लायसन्स घ्या, ऑनलाइन होतं, पासपोर्ट जवळ ठेवा. १६ वर्षांखाली लागत नाही, म्हणजे मुलगा फुकट. फ्री वीकेंड फक्त ओहायोच्या रहिवाशांना, बाबा त्यात बसत नाहीत. आणि तलावाच्या मधून कॅनडाची हद्द जाते, पलीकडे ओंटॅरिओचं लायसन्स लागतं, कॅप्टनला ठाऊक असतं, तो ओलांडणार नाही.

वॉलआयचं लिमिट माणशी दिवसाला ६, आणि १५ इंचांपेक्षा लहान मासा परत सोडायचा.

गरी_नवशिका
म्हणजे सहा जण गेलो तर ३६ मासे??? फ्रीजर घ्यावा लागेल 😀

उत्तरेचा_वारा
हाच तो रोग. लिमिट म्हणजे टार्गेट नव्हे. ३६ वॉलआय खाणार कोण? पाऱ्यामुळे ओहायोचा सर्वसाधारण सल्ला मासे आठवड्यातून एकदा असा आहे, बायकामुलांनी तर तो पाळावाच. दोन जेवणं होतील एवढे घ्या आणि मग कॅप्टनला सांगा पोरांना नुसतं खेळू दे. वर्षभराचा साठा करायला आलेली माणसं बोटीवर एक शब्द बोलत नाहीत, नुसते मोजत असतात.

धरायचं कसं ते कॅप्टन बघेल पण बाबांसाठी लिहितो, त्यांना आवडेल. दोन-तीन पद्धती. एक, बोटीमागे लांब दोऱ्यांवर नकली मासे ओढत फिरायचं, ह्यात माणूस बसून राहतो, मासा लागला की रॉड हातात देतात. मुलांना कंटाळा आणि बाबांना तर अपमानच वाटेल. दुसरी, वाऱ्याबरोबर बोट सोडून द्यायची आणि हाताने गरी टाकायची, चकचकीत पात्याच्या मागे दोन गळ आणि त्यावर अख्खं मोठं गांडूळ, तळापासून थोडं वर राहील असं. बुकिंग करताना सांगा की आम्हाला वाऱ्यावर सोडून हाताने टाकायचंय, सगळेच कॅप्टन करत नाहीत ते.

आणि पाणी आरशासारखं सपाट असलं की खूश होऊ नका. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा थर असतो, अंधुक उजेडात त्याला छान दिसतं म्हणून भक्ष्य सापडतं, लख्ख उन्हात तो खाली जाऊन बसतो. पाण्याला जरा सुरकुती हवी. फुटभर लाट, ढगाळ आकाश, हे उत्तम. दोन फुटांपर्यंत ठीक. त्याच्या वर तुमच्या ग्रुपला नको. ईशान्येचा वारा सुटला तर प्लॅन गुंडाळा, आमच्या ह्या कोपऱ्यात तो सगळं पाणी ढवळून गढूळ करतो. म्हणून हात जोडून सांगतो, बोट पहिल्या दिवशीची घ्या आणि दुसरा दिवस रिकामा ठेवा, कॅप्टनला आधीच विचारा की वाऱ्याने रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी नेशील का.

बांगडाप्रेमी
आता माझा प्रांत. वॉलआय खाल्लाय मी, भाच्याकडे डेट्रॉईटला. पांढराशुभ्र, मऊ, वास जवळजवळ नाही, काटे कमी. पापलेटची सर नाही पण गोड्या पाण्यातल्या माशाला नावं ठेवणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं असा. बिअरच्या पिठात तळून त्याची भजी करू नका हो, साधं हळद, तिखट, मीठ, आगळ, आलं-लसूण, आणि वरून रवा-तांदळाचं पीठ. तिरफळं घालू नका, बांगड्याला ठीक, ह्या नाजूक माशाला दडपून टाकतात.

महत्त्वाचं : तिकडे मासे साफ करून देणारी दुकानं असतात, वजनावर पैसे घेतात, आणि नुसत्या दोन वड्या काढून बाकी सगळं टाकून देतात. डोकी, मधला काटा, सगळं! सार कशाचं करणार मग? आधीच सांगा.

चिंबोरी
गालाचे तुकडे पण मागा. सुपारीएवढे असतात, पण सगळ्यात चविष्ट तेच.

बांगडाप्रेमी
आणि गळाला शीप्सहेड लागला तर फेकू नका. इकडचे लोक तोंड वाकडं करतात त्याला. तो आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला आहे. डोक्यात ढोम्यासारखेच दोन पांढरे खडे निघतात, इकडे लकी स्टोन म्हणतात, नीट बघितलं तर त्यावर इंग्रजी एलसारखी खूण असते. सहा वर्षांच्या मुलीला हे सांगा फक्त.

गरी_नवशिका
सगळ्यांचे खूप आभार. कॅप्टन मिळाला, हाताने टाकू देणारा, टॉयलेटला दार असलेला. जूनचा तिसरा आठवडा, शुक्रवार सकाळ, शनिवार राखीव. येऊन वृत्तांत टाकतो.

मिनेसोटेकर
फोटो नसतील तर ट्रिप झालीच नाही असं धरलं जाईल.

गरी_नवशिका
वृत्तांत. फोटो नाहीत, कारण पुढे येतंय.

शुक्रवारी पहाटे पाचला कॅप्टनचा फोन, ईशान्येचा वारा, चार फूट लाटा, आज नाही. उत्तरेचा_वारा, तुमचं नाव घेऊन घरात टाळ्या वाजल्या. बाबा तयार होऊन बसले होते, टोपी घालून. त्यांचं तोंड बघवेना म्हणून कटॉबाच्या स्टेट पार्कात धक्का आहे तिथे गेलो, दोन साधे रॉड आणि डबीभर गांडुळं. वारा भणाणतोय, पाणी चहासारखं, आम्ही सोडून चिटपाखरू नाही. दोन तासांत बाबांना एकच मासा, चांगला दोन-अडीच किलोचा. वर काढला तर तो घुर्र घुर्र आवाज करायला लागला, मुलगी घाबरून पळाली आणि बाबा म्हणाले "अरे, हा तर ढोमा!" मी हा धागा दाखवला नव्हता त्यांना. आईची शपथ.

शनिवारी आई, बायको आणि मुलगी मार्बलहेडला, आम्ही चौघे बोटीवर. फुटभर लाट, ढग, सगळं वर लिहिल्याप्रमाणे. आणि मी, ज्याने गोळ्यांची यादी केली, सगळ्यांना आठवण करून दिली, मी स्वतः घ्यायची विसरलो. चार तासांतले तीन मी बोटीच्या कडेला तोंड बाहेर काढून होतो. फोटो म्हणून नाहीत. मेहुण्याच्या सॅकमध्ये केळ्याचे वेफर्स निघाले ते नंतर कळलं, आणि त्याने ते बोटीवर मला ऑफर पण केले होते.

वॉलआय ११. त्यातले ५ बाबांचे, ३ मुलाचे. बाबांनी पहिला अर्धा तास कॅप्टनचं सगळं ऐकून घेतलं आणि मग रॉड बाजूला ठेवून दोरा बोटावर घेऊन बसले, म्हणाले काठीतून काय कळतंय. कॅप्टन बघत राहिला. नंतर तो बाबांना काहीतरी विचारत होता, बाबा मराठीत उत्तर देत होते, आणि दोघांचं छान चाललं होतं.

साफ करणाऱ्याने डोक्यांची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. भाड्याच्या घरात आईने सार केलं, धुराचा अलार्म दोनदा वाजला. लकी स्टोन सहा जमले, मुलीने दोन आजीला दिलेत आणि ते देव्हाऱ्यात आहेत, मत्स्यावतार म्हणे.

आता प्रश्न. बाबा रोज सकाळी हवामान बघतात, वारा कुठला आहे म्हणून, इथे कोलंबसमध्ये बसून. सप्टेंबरमध्ये पर्च नावाचा मासा मिळतो असं कॅप्टन म्हणाला. आईला चातुर्मास, ती वैतागेल, पण जमेल का धक्क्यावरून? बोट मला नको आता.

उत्तरेचा_वारा
पर्च सप्टेंबर-ऑक्टोबरला उत्तम, पण धक्क्यावरून नशिबावर. त्याला गांडुळं नाही, जिवंत छोटे मासे लागतात, आमिषाच्या दुकानात मिळतात. पोर्ट क्लिंटन-मार्बलहेडकडे मोठ्या बोटी आहेत, तिथे माणशी तिकीट असतं, सहाची भानगड नाही. बाबांना आणि मेहुण्याला पाठवा, तुम्ही दीपगृहाशी थांबा. दोरा बोटावर घ्यायचं कसं ते मलाही शिकायचंय, एक तिकीट माझं धरा.

बांगडाप्रेमी
वेफर्स कुठल्या दुकानातले होते तेवढं विचारून सांगा.